शिवेवरचं अतिक्रमण, नाला आणि कचरा: शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून कारवाई कशी करावी

दोन गावांच्या शिवेवरचा रस्ता दाबला गेला किंवा नाला बुजला की दोन्ही सरपंच एकत्र बसतात. एकाच कागदावर दोन्ही ग्रामपंचायतींचे शिक्के मारून नोटीस निघते, वर्गणी करून जेसीबी येतो आणि आठवड्याभरात न्यायालयाची स्थगिती हातात पडते. हेतू चांगलाच असतो, दोष कागदात असतो. एका ग्रामपंचायतीला दुसऱ्या गावाच्या हद्दीत नोटीस काढायचा अधिकारच नाही. संयुक्त समितीलाही नाही. समिती सुचवते, तारखा जुळवते, खर्च वाटून देते. नोटीस, आदेश आणि पंचनामा मात्र ज्या त्या ग्रामपंचायतीचा, तिच्या ठरावाने आणि तिच्याच हद्दीपुरता असतो.

खालचा सगळा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे. मराठवाड्यातल्या छोट्या ग्रामपंचायती, तांडे आणि शेजारची नगरपंचायत डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. टप्पे मागेपुढे करू नका. पहिल्या तीन टप्प्यांना कंटाळा येईल इतका वेळ लागतो, आणि बहुतेक कामं तिथेच घाई केल्यामुळे फसतात.

## सुरुवातीला: एकच प्रश्न निवडा

पहिल्या वर्षी एकच विषय घ्या, फार तर दोन. शिवरस्ता मोकळा करणं, शिवेवरचा नाला साफ ठेवणं, गायरानात पडणारा कचरा थांबवणं, पिण्याच्या विहिरीजवळचे बोअर रोखणं, मोकाट जनावरांसाठी एक कोंडवाडा चालवणं, वीटभट्ट्या वस्तीपासून लांब ठेवणं: यातला प्रत्येक विषय वेगळ्या कायद्यात आणि वेगळ्या अधिकाऱ्याकडे जातो. सगळे एकाच ठरावात कोंबले तर तो ठराव कोणीच पुढे नेत नाही.

दोन्ही गावांना सारखा त्रास होतो असाच विषय निवडा. नाल्याचा त्रास फक्त खालच्या गावाला होत असेल तर वरचं गाव दोन बैठकांनंतर यायचं बंद होतं. अशा वेळी वरच्या गावाची एखादी अडचण जोडीला घ्या, म्हणजे दोघांनाही बैठकीला यायचं कारण राहतं.

## टप्पा १: शीव नक्की करा

"पिढ्यान्‌पिढ्या हीच शीव आहे" हे न्यायालयात चालत नाही. आधी हे कागद गोळा करा:

- दोन्ही गावांचे गाव नकाशे, भूमी अभिलेख कार्यालयातून प्रमाणित नक्कल घेऊन. मोबाइलवरचा नकाशा वाट काढायला ठीक, पुरावा म्हणून नाही.
- शिवेला लागून असलेल्या सर्व गटांचे सातबारा आणि गट नकाशे.
- जुनी नोंद लागली तर १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक (त्या वेळच्या जमीन नोंदींचा कागद). निजाम काळातले काही कागद उर्दूत आहेत. गावातल्या माणसाकडून अंदाजाने वाचून घेऊ नका, जाणकाराकडून लेखी भाषांतर करून घ्या.
- स्वामित्व योजनेत गावठाणाचं ड्रोन मोजमाप झालं असेल तर मिळकत पत्रिका. गावठाणाबाहेरच्या शिवेला तिचा उपयोग नाही.

मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून शिवरस्ता कुठे दिसतो ते पाहा. ग्रामीण रस्ते दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. रस्ता एका गावाच्या नकाशावर आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असंही घडतं. तसं असेल तर कारवाईचा विषय तिथेच थांबवा आणि आधी महसूल विभागाकडून नोंदीचा निकाल घ्या.

त्यानंतर मोजणी. ई-मोजणीवर अर्ज करताना नियमित किंवा द्रुतगती असा प्रकार निवडावा लागतो. दोन्ही ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीतल्या गटांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत आणि मोजणीची तारीख एकच मिळावी म्हणून दोन्ही अर्जांसोबत एकसारखं पत्र जोडावं. दोन तालुके असतील तर कार्यालयंही दोन असतात, तेव्हा हे पत्र दोन्हीकडे द्या. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस बजावली गेली का, हे स्वतः विचारून घ्या. एकाला जरी नोटीस मिळाली नसली तरी पुढे "मोजणी माझ्या पाठीमागे झाली" हा मुद्दा येतोच.

खुणा पक्क्या करा. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला जुना दगड सापडला तर त्याचा फोटो, त्याचे अक्षांश-रेखांश आणि जवळच्या पक्क्या खुणेपासूनचं अंतर असं सगळं लिहून ठेवा. विहिरीचा काठ, पुलाची कठडा-भिंत अशी न हलणारी खूण घ्या. झाड खूण म्हणून धरू नका.

तपासून पाहा: मोजणीचा "क" नकाशा हातात आला का? त्यावर शीव आणि रस्ता दोन्ही दिसतात का? यातलं एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: जागा कोणाची, अधिकार कोणाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एकाच शंभर फुटांच्या पट्ट्यात चार मालक निघू शकतात. प्रत्येक जागेसमोर मालक आणि कारवाईचा अधिकारी असे दोन रकाने भरा.

गावातला रस्ता, गावठाणातली मोकळी जागा: ग्रामपंचायतीकडे निहित (कायद्याने तिच्या मालकीची) असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली ग्रामपंचायत अडथळा किंवा अतिक्रमण काढू शकते आणि काढण्याचा खर्च संबंधिताकडून वसूल करू शकते.

शासनाकडे निहित जागा: याच कलमाखाली काढायची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही परवानगी नंतर घेऊ, असं म्हणणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली महसूल विभाग स्वतःही कारवाई करू शकतो. जागा मोठी असेल तर तोच मार्ग सरळ.

गायरान: २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मराठवाड्यात मात्र एक गोष्ट आधी पाहावीच लागते. गायरान कसणाऱ्या भूमिहीन, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे, आणि त्याखालचे अनेक दावे आजही प्रलंबित आहेत. अशा माणसाचं नाव परवाच्या शेड मारणाऱ्याच्या रांगेत टाकू नका. कायद्याने ते टिकत नाही, आणि गावात जी फूट पडते ती भरून निघत नाही. तहसील कार्यालयातून प्रत्येक नावाची स्थिती लेखी घ्या.

पाणंद आणि शेतरस्ता: अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आणि बांधावरून नवी वाट मागण्यासाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्ही तहसीलदारांकडे. अर्ज बाधित शेतकऱ्याने करायचा, ग्रामपंचायतीने त्याला ठरावाची साथ द्यायची.

मोठे रस्ते: जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग. तिथे ग्रामपंचायतीने फक्त कळवायचं.

शेजारी नगरपंचायत किंवा नगर परिषद: रस्त्याची एक बाजू गावाची आणि दुसरी शहराची असेल तर शहराच्या बाजूच्या फेरीवाल्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. त्यांना हलवायला ३० दिवसांची नोटीस लागते. गावाच्या बाजूची मुदत संपली म्हणून दोन्ही बाजू एकाच दिवशी उठवल्या तर शहराच्या बाजूची कारवाई बेकायदा ठरते.

औद्योगिक पट्टा: वाळूज किंवा शेंद्रा-बिडकीनसारख्या भागात बांधकाम परवानगी देणारं प्राधिकरण ग्रामपंचायत नसून दुसरंच असू शकतं. त्या जागेचं नियोजन प्राधिकरण कोणतं, हे त्या प्राधिकरणाकडूनच लेखी घ्या. ग्रामपंचायतीने तिथे घराला नमुना ८ ला नोंद दिली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. ती नोंद कर आकारणीपुरती असते.

वाळू: गोदावरीच्या काठी हा प्रश्न रोजचा आहे. नदीच्या एका काठावर जालना आणि दुसऱ्यावर बीड, त्यामुळे ट्रॅक्टर पात्र ओलांडून पलीकडे गेला की तालुका, पोलीस ठाणं आणि जिल्हा सगळंच बदलतं. वाहन जप्त करण्याचा आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावण्याचा अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली महसूल अधिकाऱ्यांना आहे, ग्रामपंचायतीला नाही. दोन्ही काठच्या गावांनी करायचं ते इतकंच: वेळ, वाहन क्रमांक, कोणत्या घाटावरून कोणत्या बाजूला गेलं याची नोंद ठेवून दोन्ही तहसीलदारांना एकाच वेळी कळवायचं. गाडी अडवायला गावकऱ्यांना पाठवू नका. त्यात माणसं जीवानिशी जातात.

## टप्पा ३: आधी आपलं घर

यादी करण्याआधी दोन्ही ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य आणि त्यांच्या घरातल्यांची नावं तपासा. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली सदस्यत्व जातं. समितीतल्याच कोणाचं शेड रस्त्यावर असेल तर ते पहिल्या नोटिशीच्या आधी काढलेलं असलं पाहिजे. नाहीतर कारवाईच्या दिवशी पहिलं बोट तिकडेच जातं, आणि ते बरोबरच असतं.

## टप्पा ४: संयुक्त पाहणी आणि यादी

पाहणी पथकात दोन्ही गावांचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), पोलीस पाटील आणि प्रत्येकी एक सदस्य असावेत. त्या सदस्यांत किमान एक महिला. घरात बाईच एकटी असेल तर माहिती तिलाच विचारायची असते.

दोन वह्या करा, प्रत्येक गावाची वेगळी. रकाने असे: अनुक्रम, गट क्रमांक किंवा नमुना ८ चा क्रमांक, भोगवटादाराचं नाव, बांधकामाचा प्रकार (कुड, पत्रा, पक्कं, ओटा, उकिरडा, पीक), लांबी-रुंदी, रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर, किती वर्षांपासून, राहतं की धंद्याचं, दाखवलेला पुरावा, फोटो क्रमांक. फोटो काढताना टेप जागेवर धरलेली दिसू द्या.

मोजमाप दोघांनी एकाच टेपने घ्यावं. हे क्षुल्लक वाटतं, पण दोन गावांच्या मोजमापात फुटाभराचा फरक पडला की दोन्ही याद्यांवरचा विश्वास उडतो.

पाहणीचा हंगाम जपून निवडा. बीड, धाराशिव, परभणी, जालन्याच्या अनेक गावांतली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. त्या काळात कुलपं पाहून केलेली यादी आणि दारावर चिकटवलेल्या नोटिसा दोन्ही वाया जातात. पाहणी वैशाखात करा. घाई असेलच तर मुकादमामार्फत निरोप द्या, फोनवर कळवा आणि शिवाय नोंदणीकृत टपालही पाठवा.

## टप्पा ५: दोन ठराव, एक समिती

शेजारच्या स्थानिक संस्थांना सामायिक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. त्यासाठी दोन्ही ग्रामपंचायतींचे स्वतंत्र ठराव लागतात. क्रम असा ठेवा:

१. दोन्ही मासिक सभांत विषय मांडा, मसुदा एकमेकांना पाठवा.
२. विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी निघाली पाहिजे. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती.
३. त्याआधीच्या महिला सभेत विषय वाचून दाखवा.
४. दोन्ही ग्रामसभा शक्यतो एकाच आठवड्यात घ्या. मध्ये महिना गेला की एका गावाचा ठराव दुसऱ्या गावात "दबाव" म्हणून पोचतो.

सावधान: हा ठराव "आयत्या वेळच्या विषयां"त घेऊ नका. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर एवढा मोठा निर्णय घेतला, हा आक्षेप पहिल्याच सुनावणीत येतो.

ठरावाचा मजकूर साधा असावा:

"मौजे अमुक व मौजे तमुक या गावांच्या शिवेवरील गट क्रमांक ... लगतच्या शिवरस्त्यावरील अडथळे दूर करण्यासाठी सहा सदस्यांची संयुक्त समिती नेमण्यास ही सभा मान्यता देते. समिती पाहणी, वेळापत्रक व खर्चाची विभागणी सुचवेल. या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील नोटिसा, सुनावणी, आदेश व कारवाई ही ग्रामपंचायत स्वतः करील. समितीची मुदत एक वर्ष राहील."

शेवटून दुसरं वाक्य गाळलं तर सगळं मुसळ केरात. काही ठिकाणी "समितीस कारवाईचे सर्व अधिकार देण्यात येत आहेत" असं ठोकून दिलेलं असतं. जो अधिकार ग्रामपंचायतीला शेजारच्या गावात मुळातच नाही, तो ती समितीला कुठून देणार?

समितीत प्रत्येक गावाचे सरपंच, एक सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी. अध्यक्षपद सहा-सहा महिने आलटून पालटून. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी कोणी दोन तास बसत नाही. इतिवृत्ताच्या दोन प्रती, दोन्हींवर दोन्ही गावांच्या सह्या, त्याच दिवशी.

## टप्पा ६: नोटीस

प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या जावक क्रमांकाने आणि फक्त आपल्या यादीतल्या माणसांना नोटीस द्यावी. मजकूर दोन्हीकडे सारखा चालेल.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकामं पाडण्याबाबत देशभरासाठी सूचना दिल्या. त्यांचा गाभा असा:

- किमान १५ दिवसांची नोटीस. स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती.
- नोटीस नोंदणीकृत टपालाने आणि शिवाय बांधकामावर चिकटवून. मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची, जावक तारखेपासून नाही.
- नोटीस निघाली की जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवणं.
- प्रत्यक्ष सुनावणी आणि तिचं इतिवृत्त.
- कारणांसह लेखी आदेश. आदेशानंतर स्वतःहून काढून घ्यायला किंवा अपिलात जायला आणखी १५ दिवस.
- पाडण्याचं चित्रीकरण आणि अहवाल.

रस्ता, पदपथ, नदी किंवा जलसाठ्यावरच्या अनधिकृत बांधकामांना या सूचना लागू नाहीत, असं त्याच निकालात आहे. त्यामुळे नाल्यातला भराव किंवा रस्त्यातला ओटा काढायला नोटीस-सुनावणी लागत नाही असं काहींना वाटतं. तरीही राहत्या घरासाठी, ते रस्त्यात असलं तरी, पूर्ण मुदत आणि सुनावणी द्याच. तिथे माणसं राहतात, आणि त्यांना दुसरा आसरा शोधायला वेळ लागतो. पावसाळ्यात राहत्या घराला हात लावू नका.

नोटिशीत "आपले अतिक्रमण काढावे" एवढंच लिहून चालत नाही. कोणत्या गटात, किती बाय किती, काय, कोणत्या कलमाचा भंग, सुनावणीची तारीख-वेळ-जागा आणि कोणते कागद आणायचे, हे सगळं हवं. टप्पा ४ ची वही नीट असेल तर ही माहिती उचलून लिहायचीच असते.

सुनावणी दोन्ही गावांची एकाच दिवशी ठेवा, पण वेगळ्या वेळी आणि आपापल्या कार्यालयात. एखाद्याने जुना कागद दाखवला तर त्याची प्रत घ्या, पोच द्या आणि तो मान्य किंवा अमान्य का, हे आदेशात एका वाक्यात लिहा. हे वाक्य नसलेले आदेश रद्द होतात.

कॅव्हेट: आदेश निघायच्या बेतात असताना दिवाणी न्यायालयात आणि गरज वाटली तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात कॅव्हेट (आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये असा अर्ज) दाखल करा. दोन्ही ग्रामपंचायतींनी वेगवेगळं. मुदत ९० दिवस असते. पाहणीच्या वेळीच उत्साहाने टाकलेलं कॅव्हेट कारवाईच्या दिवसापर्यंत संपून गेलेलं असतं.

## टप्पा ७: कारवाईचा दिवस

दोन्ही गावांचा दिवस एकच हवा. एका बाजूने आज आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या महिन्यात केलं तर पहिल्या गावाचे लोक "आमचंच का?" म्हणून परत बसतात. परीक्षा, यात्रा, सण, बाजार आणि आचारसंहिता पाहून तारीख धरा. नाल्याचं काम असेल तर मृगाच्या आधी गाळ बाहेर पडलेला आणि काठावरून हललेला असला पाहिजे. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसात परत आत जातो.

आधी हे करून ठेवा:

- पोलीस बंदोबस्तासाठी किमान दहा दिवस आधी अर्ज. दोन गावं दोन ठाण्यांत असतील तर दोन अर्ज, आणि दोन्ही ठाण्यांना एकमेकांच्या अर्जाची प्रत.
- वीज जोडणी असेल तर महावितरणला पत्र. तार जिवंत असताना जेसीबी लावू नका.
- दोन जेसीबी, प्रत्येक गावाच्या हद्दीत एक. एकच यंत्र शीव ओलांडून नेलं तर कोणत्या गावाच्या आदेशावर ते चालतंय याचा गोंधळ होतो.
- शीव चुन्याने आखा. त्या रेषेच्या अलीकडचा पंचनामा एका ग्रामपंचायतीचा, पलीकडचा दुसरीचा.

सकाळी लवकर सुरू करा, पण प्रत्येकाला सामान काढायला वेळ देऊन. सामान हलवायला ट्रॅक्टर ट्रॉली ग्रामपंचायतीने द्यावी. जे उचललं त्याची यादी, दोन पंचांच्या सह्या आणि मालकाला एक प्रत. धान्य, भांडी, जनावरांचा चारा जप्तीत टाकू नका, मालकाच्या ताब्यात द्या. चित्रीकरण सलग ठेवा, मध्येच बंद-चालू केलेलं चित्रीकरण संशय वाढवतं.

थांबा, जर: कोणी न्यायालयाचा स्थगिती आदेश आणला, कोणी यंत्रासमोर बसलं, किंवा मोजणीची खूण जागेवर सापडत नाही. यातलं काहीही झालं तर तेवढा भाग सोडून पुढे जा आणि तसं पंचनाम्यात लिहा.

## टप्पा ८: खर्च

वर्गणीने खर्च भागवू नका, रोखीत तर नाहीच. दोन्ही ग्रामपंचायतींनी आपापल्या विकास आराखड्यात काम घ्यावं आणि आपापल्या हद्दीतल्या कामाचं बिल थेट पुरवठादाराला द्यावं. एका गावाने सगळं भरून दुसऱ्याकडून वसूल करायचं ठरलं की लेखापरीक्षणात दोघंही अडकतात. नाला आणि कचऱ्याच्या कामाला वित्त आयोगाचा स्वच्छतेचा बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) निधी चालतो का, हे गट विकास अधिकाऱ्यांकडून आधी लेखी घ्या. अतिक्रमण काढण्याचा खर्च सहसा ग्रामनिधीतूनच करावा लागतो.

विभागणी शिवेच्या लांबीवर करा. लोकसंख्येवर केली तर मोठं गाव नाराज, निम्मी-निम्मी केली तर तांडा.

## टप्पा ९: नंतरचे सहा महिने

मोकळी झालेली जागा पंधरा दिवस तशीच राहिली तर परत भरते. रस्त्यावर लगेच मुरूम टाका, बाजूची चर खोदा, शिवेचे दगड रंगवा. गायरान असेल तर चर खोदून कडेला झाडं लावा. दोन्ही पोलीस पाटलांनी महिन्यातून एकदा एकत्र फिरून एकाच वहीत नोंद करावी. नवं काही दिसलं तर ज्या हद्दीत आहे तिथल्या ग्रामपंचायतीने आठवड्यात नोटीस काढावी. पत्रा ठोकलेला असताना निघालेली नोटीस आणि भिंत उभी राहिल्यावर निघालेली नोटीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

## पाण्याचा स्रोत शिवेजवळ असेल तर

मराठवाड्यात हा विषय अतिक्रमणापेक्षा जास्त पेटतो, म्हणून वेगळा घेतला आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हे वर्तुळ गावाची शीव पाहून थांबत नाही. एका गावाच्या विहिरीचं वर्तुळ दुसऱ्या गावाच्या शेतात जातं, आणि तिथल्या शेतकऱ्याला त्याची कल्पनाच नसते.

दोन्ही गावांनी मिळून सगळ्या सार्वजनिक स्रोतांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, नकाशावर ५०० मीटरची वर्तुळं काढावीत आणि आत येणाऱ्या गटांची यादी दोन्ही ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी. हे काम दिवाळीच्या आत उरका. माघ-फाल्गुनात पाणी खाली गेलं की बोअरच्या गाड्या रात्री येतात, आणि तेव्हा वर्तुळ समजावून सांगायला कोणी थांबत नाही. गाडी दिसली तर गाडीचा क्रमांक, गट क्रमांक आणि वेळ तहसीलदारांना कळवा, प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला द्या. कारवाई त्यांची आहे.

शेतकऱ्याचं पीक वाळत असताना त्याला नुसता नियम दाखवू नका. वर्तुळाबाहेर त्याच्याच शेतात जागा आहे का, हे यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून पाहून घ्यायला त्याला मदत करा.

वीटभट्टीच्या बाबतीतही अंतर शीव पाहत नाही. केंद्राच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नवी भट्टी वस्ती आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर हवी. नाहरकत देणाऱ्या गावाने शेजारच्या गावाची वस्ती किती लांब आहे हे मोजूनच नाहरकत द्यावी, आणि तिची प्रत शेजारच्या ग्रामपंचायतीला पाठवावी.

## शेजारची संस्था दाद देत नसेल तर

नगरपंचायतीच्या गाड्या गावाच्या गायरानात कचरा ओततात, वरच्या गावाचं सांडपाणी खालच्या गावाच्या पिण्याच्या विहिरीजवळ येतं, आणि पत्राला उत्तर मिळत नाही. रस्ता अडवून गाड्या फोडण्याआधी हा क्रम पाळा:

१. ठरावासह लेखी पत्र, मुख्याधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, पोच घेऊन. मुदत १५ दिवस.
२. आठवडाभर रोज एकाच जागेचा, एकाच कोनातून, तारीख-वेळ दिसणारा फोटो. कचरा असेल तर गाडीचा क्रमांक. पाणी असेल तर आरोग्य विभागामार्फत नमुना. घरच्या बाटलीत स्वतः भरलेला नमुना जीवाणू तपासणीला चालत नाही, त्याला निर्जंतुक बाटली आणि ठरलेल्या वेळेत प्रयोगशाळा लागते.
३. गट विकास अधिकारी आणि तहसीलदारांकडे संयुक्त बैठकीची मागणी. सांडपाणी किंवा जाळलेला कचरा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला प्रत.
४. तरीही हालचाल नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. जुन्या संहितेतलं कलम १३३ ते हेच. १ जुलै २०२४ नंतरच्या अर्जात जुना क्रमांक लिहू नका. दोन गावं दोन उपविभागांत असतील तर उपद्रव जिथे निर्माण होतो त्या उपविभागात अर्ज द्या आणि त्रास होणाऱ्या उपविभागात त्याची प्रत.

अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने आणि शिवाय प्रत्यक्ष त्रास होणाऱ्या चार-पाच रहिवाशांच्या नावाने असावा. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांची नावं त्यात घ्या, आणि जबाबाच्या दिवशी त्यांना तालुक्याला न्यायची-आणायची सोय ग्रामपंचायतीने करावी.